जि. प. शाळेतून दुबईच्या शाळेत : दाखला, वय, फी... कोणी केलं असेल तर सांगा

वावरवाला · ११ फेब्रुवारी २०२५

राम राम मंडळी. चार वर्षांपासून इथं नुसता वाचतो, आज पहिल्यांदा लिहून राहिलो. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आर्वी तालुक्यातला. २०१९ मध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून दुबईला आलो. आता सुपरवायझर आहे. कंपनीनं या वर्षी फॅमिली स्टेटस दिलं, म्हणजे बायको-पोरांना आणता येते. शाळेसाठी एका मुलामागे वर्षाला २० हजार दिरहमपर्यंत देणार, पण बिल दाखवल्यावर.

मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीत आहे, सेमी इंग्रजी. जन्म ऑक्टोबर २०१६. मराठी धडाधड वाचते, गणित चांगलं, इंग्रजी बोलायला लाजते. मुलगा अंगणवाडीत जाते, ६ सप्टेंबर २०२० चा. इथले सहकारी म्हणतात, इंटरनॅशनल शाळेतच टाक, ब्रिटिश किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, तो आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम). बाबा म्हणतात, पोट्टी इथंच राहू दे, तिचं मस्त चाललं आहे. मला दोन्हीकडचं पटते, हाच घोळ आहे.

अर्ज कधी करायचा, कागद कोणते, आणि जि. प. च्या पोरीला ह्या शाळा घेतात तरी का?

खामगावचा_बापू · ११ फेब्रुवारी

घेतात भाऊ. फी भरणाऱ्याला सगळे घेतात.

आयंडहोव्हनकर · १२ फेब्रुवारी

अभिनंदन वावरवाला! मी मूळ दर्यापूरचा, सध्या नेदरलँड्स. कागदांचं फार टेन्शन घेऊ नका. जन्मदाखला आणि टीसी दोन्ही ॲपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा धरावा म्हणून सरकारी साक्षांकन, करून घ्या, एक चौकोनी स्टिकर लागतो, झालं. ॲपोस्टिल मानणाऱ्या देशांच्या हेग करारात भारत २००५ पासून आहे. सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये, बाकी पैसे जमा करणाऱ्या केंद्राचे आणि एजंटचे.

देऱ्यातली_वहिनी · १२ फेब्रुवारी

आयंडहोव्हनकर, तुमच्याकडे चालतं ते इथं चालत नाही हो. यूएई त्या करारात नाही. इथं ॲपोस्टिलचा स्टिकर घेऊन आलेला माणूस मी दर वर्षी बघते आणि दर वर्षी मलाच वाईट वाटतं. वावरवाला, थांबा, एजंटला पैसे देऊ नका. उद्या सविस्तर लिहिते. मी हिंगणघाटची, नऊ वर्षं इथल्या एका शाळेच्या प्रवेशाच्या टेबलावर बसते.

आयंडहोव्हनकर · १२ फेब्रुवारी

बरं झालं सांगितलंत, माझी चूक. वरचं वाक्य तसंच ठेवतो, म्हणजे पुढच्याला कळेल.

देऱ्यातली_वहिनी · १३ फेब्रुवारी

हं, आता बसून लिहिते. चहा घेऊन वाचा, लांब आहे.

आधी टीसी, म्हणजे आपला शाळा सोडल्याचा दाखला. दुसरीच्या वरच्या वर्गात भारतातून येणाऱ्या मुलाचा दाखला साखळीनं साक्षांकित व्हावा लागतो. मुख्याध्यापकांची सही, त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, मग राज्य शासन, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास, आणि इथं आल्यावर इथलं परराष्ट्र मंत्रालय. एक कडी सुटली की पुढचा शिक्का बसत नाही. अमेरिका किंवा पश्चिम युरोपातून आलेल्या पोरांना हे सगळं लागत नाही, याचा राग यायचा तर येऊ द्या, पण शिक्के घ्या. दाखल्यावर 'तिसरी उत्तीर्ण, चौथीत बढती' हे स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'तिसरीत शिकत होती' असेल तर इथं तिला पुन्हा तिसरीत बसवतील.

दुसरं, तारखा. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा इथं एप्रिलमध्ये सुरू होतात. ब्रिटिश, अमेरिकन, आयबी ऑगस्टच्या शेवटी. तुमच्या गावच्या शाळेचा निकाल १ मेला लागणार. म्हणजे भारतीय शाळेत घालायचं तर मुलगी महिनाभर उशिरा पोचणार, ब्रिटिशमध्ये घालायचं तर कागदांना चार महिने मिळतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या शाळांची कार्यालयं अर्धी झोपलेली असतात, तेव्हा 'चार महिने' हे कागदावरचे चार महिने. चांगल्या शाळांच्या जागा त्याआधीच्या हिवाळ्यातच भरायला लागतात. आज फेब्रुवारी आहे. उशीर झालेला नाही, पण लवकरही नाही.

तिसरं, वय. इथंच घरं भांडतात, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्याकडे पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात. इथल्या भारतीय शाळा ३१ मार्च बघतात, ब्रिटिश आणि आयबीवाल्या या वर्षी, २०२५ ला, ३१ ऑगस्ट. तुमची मुलगी ऑक्टोबरची, म्हणून महाराष्ट्रात ती वयाच्या मानानं लवकर शाळेत गेली. नुसतं वय बघितलं तर ऑगस्टमध्ये ब्रिटिश शाळा तिला 'इयर फोर'ला घेईल, आणि इयर फोर म्हणजे आपली तिसरी! त्यांचा आकडा आपल्यापेक्षा एकनं पुढे असतो. लोक इयर फोर ऐकून चौथी समजतात, पेढे वाटतात, आणि सहा महिन्यांनी कळतं की पोरगी तिसरीच परत करते आहे. भारतीय शाळेत मात्र दाखल्यावर बढती लिहिली असेल तर चौथीत घेतात. मुलगा ६ सप्टेंबरचा, ३१ ऑगस्टला पाचला सहा दिवस कमी. तो ब्रिटिशमध्ये 'एफएस टू', म्हणजे इयर वनच्या आधीचा बालवर्ग, भारतीयमध्ये केजी वन. सहा दिवसांसाठी कोणाशी वाद घालू नका, काही होत नाही. मी मुख्याध्यापकांपर्यंत गेलेले बाप पाहिलेत.

चौथं, परीक्षा. ब्रिटिश शाळा बहुतेक 'कॅट फोर' घेतात. शब्दांचे, आकड्यांचे, आकृत्यांचे आणि घडी-उलगडीचे असे चार भाग. यातले दोन भाग भाषेवर जवळजवळ अवलंबून नाहीत. जि. प. ची मुलं आकृत्यांत छान करतात, हे मी डोळ्यांनी बघते. शब्दांच्या भागात आपटतात. मग शाळा सांगते, घेऊ, पण इंग्रजीचा जादा तास लावावा लागेल. काही शाळा त्याचे वेगळे पैसे घेतात, आधी विचारा. आणि परीक्षेच्या दोन महिने आधी क्लास लावून मुलीचा जीव काढू नका.

पैसा. अर्जाला ५०० दिरहमपर्यंत घेतात. जागा नक्की झाली की वार्षिक फीच्या १० टक्क्यांपर्यंत भरावे लागतात, ते पुढे फीतून वजा होतात. तुमच्या २० हजारांत भारतीय शाळा आरामात बसते, बसची फीसुद्धा धरून. नाव मिळवलेली ब्रिटिश शाळा बसत नाही, वरचे पैसे खिशातून. कंपनीला आत्ताच विचारा : बस, गणवेश, पुस्तकं त्यात धरतात का, आणि बिल दाखवल्यावर पैसे किती दिवसांनी देतात. पहिला हप्ता तर तुम्हालाच भरायचा आहे.

शाळा निवडताना केएचडीएचे, म्हणजे दुबईच्या खासगी शाळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे, तपासणी अहवाल वाचा. 'आउटस्टँडिंग'पासून 'व्हेरी वीक'पर्यंत श्रेणी असतात. नुसती श्रेणी बघून उठू नका, आतला मजकूर वाचा. मराठी माणूस हॉटेलात आधी उजवी बाजू वाचतो तसं लोक अहवालात फक्त श्रेणी वाचतात.

आणि शाळा कुठलीही असो, अरबी शिकावी लागेल, नववीपर्यंत सक्तीची आहे. बाबांना आत्ताच सांगून ठेवा, नंतर धक्का नको.

वावरवाला · १३ फेब्रुवारी

वहिनी, तुमचे पाय कुठं आहेत. एफएस टू काय ते आज कळलं, मी इतके दिवस फ्लॅटचा प्रकार समजत होतो.

संत्रा_मोर्शी · १४ फेब्रुवारी

माह्यं ऐक भाऊ. म्या अकरा वर्षं दोह्यात काढले, पोट्टे तिथंच शिकवले, अन् २०२१ ले वापस आलो, आता संत्रा हाय, कर्ज हाय, मजा हाय. तुले कोणी सांगनार नाही ते सांगतो. जायाचं त आता जाय, तिसरी-चौथीत. आठवी-नववीत नेशील त फसशील. माह्या पोराले डॉक्टर व्हायचं होतं. दहावी दोह्यातून केली, बारावी अमरावतीतून. मंग कळलं का महाराष्ट्राच्या ८५ टक्क्याच्या जागेसाठी दहावी अन् बारावी दोन्ही इथूनच लागते. डोमिसाइल होतं, सातबारा होता, पन काय कामाचा? पोट्ट्यानं बी. फार्म केलं. चांगलं करून रायला, पन ते डोक्यातून जात नाही.

खामगावचा_बापू · १४ फेब्रुवारी

संत्रा काका, या वर्षी भाव काय निघाला?

संत्रा_मोर्शी · १४ फेब्रुवारी

इचारू नोको.

संपादक · १४ फेब्रुवारी

विषयाला धरून लिहावे. संत्र्याचा धागा वेगळा आहे.

देऱ्यातली_वहिनी · १४ फेब्रुवारी

काका म्हणतात ते मेडिकलबाबत खरं आहे. इंजिनीअरिंगचं जरा वेगळं आहे. गल्फमध्ये काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी दासा, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या प्रवेशाच्या सरकारी योजनेत, वेगळा वर्ग असतो, त्यातून नागपूरच्या व्हीएनआयटीतही जाता येतं, फक्त जेईई मेन द्यावीच लागते. पण तिसरीतल्या पोरीसाठी हे आज कशाला?

पुसदची_मास्तरीण · १६ फेब्रुवारी

मी जि. प. शाळेत शिकवते, बावीस वर्षं झाली. वहिनींनी दाखल्याच्या पुढची साखळी सांगितली, मी मागची सांगते.

वावरवाला भाऊ, दाखला मागायच्या आधी एकदा स्वतः किंवा बाबांना शाळेत पाठवून दाखल-खारीज रजिस्टरवरची मुलीची ओळ बघा. नुसती विचारू नका, बोट ठेवून वाचा. त्या ओळीवरूनच दाखला उतरतो. माझ्याकडे गेल्या तीन वर्षांत चार मुलं परदेशी गेली, चारहीजणांच्या ओळीत काही ना काही होतं. एकाच्या वडिलांच्या नावाला 'राव' लावलेला, पासपोर्टवर 'राव' नाही. एकीच्या आईचं माहेरचं नाव. एकाची जन्मतारीख रजिस्टरला १३ आणि ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर १८, कारण कोणीतरी आठाचा डोळा अर्धवट काढला होता. गावात या गोष्टींनी कोणाचं काही अडत नाही. आमच्या सासऱ्यांच्या पिढीत तर सगळ्या गावाचा जन्म १ जूनचा, मास्तर म्हणतील ती तारीख. पण दूतावासाच्या खिडकीवर 'राव' हा वेगळा माणूस होतो.

दुरुस्ती मुलगी पटावर आहे तोवर करून घ्या. अर्ज, जन्मदाखला, आधार मुख्याध्यापकांकडे द्या, तिथून प्रस्ताव पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल. एकदा का दाखला निघाला आणि नाव पटावरून कमी झालं की मग नुसते खेटे. आणि दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं, पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. त्याला चूक म्हणत नाहीत, पण इंग्रजी स्पेलिंग मात्र पासपोर्टप्रमाणेच लिहायला सांगा. आडनावात कुठं व्ही, कुठं डब्ल्यू असं नको.

लसीचं कार्ड शोधा. माता-बाल संरक्षण कार्ड, पिवळं पडलेलं, पाण्यानं भिजलेलं, बहुतेक पेटीत लुगड्यांखाली असतं. सापडलं नाही तर उपकेंद्राच्या सिस्टरकडे नोंद असते. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला असते, गालगुंडाची नसते. परदेशातल्या शाळेच्या अर्जात तिन्हींची एक लस विचारतात तेव्हा लोक गोंधळतात. डॉक्टरांना दाखवून काय राहिलं ते इथंच लिहून घ्या.

आणि 'जि. प. ची पोरगी घेतात का' हे तुम्ही विचारलं त्याचा मला थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. जी पोर एका भाषेत धडाधड वाचते ती दुसऱ्या भाषेत वाचायला शिकते. जी कोणत्याच भाषेत वाचत नाही तिची काळजी करा.

वावरवाला · १६ फेब्रुवारी

बाई, चूक झाली, कान पकडतो. माझंही शिक्षण त्याच शाळेतलं आहे.

आयंडहोव्हनकर · १७ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंच्या शेवटच्या परिच्छेदावर एक खरा किस्सा. मुलीला इथं आणलं तेव्हा ती सात वर्षांची, त्याआधी दोन वर्षं दर्यापूरला आजीकडे होती. शाळेत बाईंनी तिला चार चित्रं दाखवली : बैल, नांगर, ट्रॅक्टर, बस. यातलं वेगळं कोणतं? बाईंना हवं होतं 'बैल', कारण तो जिवंत. मुलीनं बसवर बोट ठेवलं. बाईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा बस. मी काचेबाहेर बसून घामाघूम. बाईंनी का म्हणून विचारलं तर मोडक्या इंग्रजीत म्हणाली, बस नॉट गो इन वावर. बाईंना 'वावर' कळेना. मला आत बोलावलं, मी शेत म्हणून सांगितलं. त्या हसल्या आणि कागदावर काहीतरी बरंच लिहिलं. प्रवेश मिळाला.

इकडचं थोडक्यात, कोणाला नेदरलँड्सला यायचं असेल तर. इथं सरकारी अनुदानाच्या इंटरनॅशनल शाळा आहेत, खासगीपेक्षा फी बरीच कमी. पण बदलीवर ठरावीक काळासाठी आलो आहे हे कंपनीच्या पत्रानं दाखवावं लागतं. आयंडहोव्हनमध्ये चिपच्या मशीनवाल्या एएसएमएलमुळे जगभरचे इंजिनीअर येतात, त्यामुळे रांग असते. साध्या डच शाळेत घातलं तर फी नाही, पण नवीन मुलं आधी साधारण वर्षभर भाषेच्या वर्गात बसतात. आम्ही इंटरनॅशनलमधून तिसऱ्या वर्षी डच शाळेत काढलं. आता ती माझे डच उच्चार सुधारते.

नवी_सुनबाई_घाटंजी · १९ फेब्रुवारी

मी सिंगापूरला जाणार आहे, मुलगा पाच वर्षांचा. तिथं काय लागतं?

देऱ्यातली_वहिनी · १९ फेब्रुवारी

सिंगापूरचा व्हिसाच लसीवर अडतो. बारा वर्षांपर्यंतच्या परदेशी मुलांच्या गोवर आणि घटसर्पाच्या डोसांची पडताळणी तिथलं आरोग्य खातं आधी करतं, मग पास. बाकी तिथल्यांना विचारा, मी दुबईचीच.

अकोल्याचा_आजोबा · २ मार्च

एक वेगळा मुद्दा. माझी दोन्ही नातवंडं आयबीत शिकतात. प्रकल्प उत्तम करतात, सादरीकरण उत्तम. पण सुटीत आली की पाढे येत नाहीत आणि माझं पत्र वाचता येत नाही. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही व्हॉट्सॲपवर आवाज पाठवा. मी पाठवत नाही. पत्रच पाठवतो.

पुसदची_मास्तरीण · २ मार्च

काकाजी, पाठवत राहा. परत आले तर लागणारच आहे, २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात कोणत्याही बोर्डाच्या शाळेत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे. वावरवाला भाऊ, मुलीच्या बॅगेत चौथीची बालभारती टाका.

वावरवाला · २९ एप्रिल

मंडळी, इतके दिवस गप्प होतो, कारण धावपळ.

मास्तरीणबाई, बाबांनी रजिस्टरवर बोट ठेवून वाचलं. 'राव' निघाला! माझ्याच नावाला. आजोबांनी माझं नाव शाळेत घातलं तेव्हा लावलेला, तो पोरीच्या ओळीतही उतरला. शिवाय आडनावाचं स्पेलिंग आधारवर वेगळं. बाबांनी आर्वीच्या पाच चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा बाबू सुटीवर, तिसऱ्यांदा 'प्रतिज्ञापत्र जोडा', चौथ्यांदा जोडलं तर 'हे शंभराच्या स्टॅम्पवर नको होतं', पाचव्यांदा झालं. दुरुस्ती पटावर चढली.

या वर्षी परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या, ४४ डिग्रीत पोट्टे सकाळच्या पाळीत पेपर देत होते. निकाल परवा, १ मेला, झेंड्यानंतर. दाखला त्याच दिवशी देतो म्हणाले मुख्याध्यापक, 'चौथीत बढती' लिहून.

शाळेचं : एका ब्रिटिश शाळेत ऑनलाइन मुलाखत झाली. मुलीनं कॅमेऱ्यासमोर अकरा मिनिटं तोंड उघडलं नाही. आकृत्यांत फार चांगलं केलं म्हणाले, पण इंग्रजीच्या जादा तासाचे पैसे वेगळे, आणि इयर फोर. म्हणजे तिसरी परत. फी माझ्या २० हजारांच्या दुप्पट. बायकोनं आकडा ऐकला आणि म्हणाली, एवढ्यात तर वावरात विहीर होते.

संत्रा_मोर्शी · २९ एप्रिल

वहिनीचं बराबर हाय. विहीर बी होते अन् मोटर बी बसते.

देऱ्यातली_वहिनी · ३० एप्रिल

अकरा मिनिटं गप्प राहिली हे शाळेनं मनावर घेतलं नाही ना? मग झालं. भारतीय शाळांना आत्ता फोन करा, एप्रिलमध्ये काही मुलं गळतात, एखादी जागा निघते. 'कागद साखळीत आहेत, पावती आहे' असं सांगा. पावती दाखवली की काही शाळा तात्पुरतं बसू देतात, मूळ दाखला ठरलेल्या मुदतीत द्यायच्या बोलीवर.

वावरवाला · ७ सप्टेंबर

शेवटचं लिहितो, म्हणजे धागा अर्धवट राहणार नाही.

भारतीय अभ्यासक्रमाची शाळा घेतली, सीबीएसई, चौथी. दाखला सगळे शिक्के घेऊन यायला सात आठवडे लागले. मधे एका एजंटनं, नाव घेत नाही, ॲपोस्टिलच करून देतो म्हणून पैसे मागितले होते. त्याला हा धागा पाठवला. उन्हाळी सुटी संपली आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मुलगी पहिल्यांदा वर्गात बसली. मुलगा केजी वनला. वर्गातला सगळ्यात मोठा तोच आणि सगळ्यांना ढकलतो म्हणून दोनदा चिठ्ठी आली.

मुलगी पहिले चार दिवस रडली. पाचव्या दिवशी हजेरीत बाईंनी तिचं आडनाव चुकीचं म्हटलं, तर उठून दुरुस्त केलं म्हणे, इंग्रजीत. घरी येऊन हे तिनं आजीला फोनवर तीनदा सांगितलं. अरबीत आत्तापर्यंत सहा अक्षरं आली. बाबा फोनवर तिच्याकडून ती सहा अक्षरं रोज म्हणून घेतात, आणि स्वतःही म्हणून पाहतात.

शुक्रवारी शाळा अर्धा दिवस असते. त्या दुपारी बालभारतीचा एक धडा, असं ठरवलं आहे. दोन शुक्रवार झाले, एक बुडाला.

खामगावचा_बापू · ७ सप्टेंबर

विहिरीचं काय झालं?

वावरवाला · ८ सप्टेंबर

बाबा पाणाड्याला बोलावून राहिले.